लिनक्सचा एसटी ड्रायव्हर आणि टेप बॅकअप: जोडणीपासून रिस्टोअरपर्यंत, क्रम न चुकवता

सात रात्री सात बॅकअप घेतले, दर वेळी आज्ञा विनातक्रार संपली, आणि गरज पडली तेव्हा टेपवर फक्त शेवटच्या रात्रीचा बॅकअप निघाला. ही तक्रार पुन्हा पुन्हा येते. टेप, केबल, ड्राइव्ह सगळे ठणठणीत असते. चुकलेले असते डिव्हाइसचे नाव, तेही एका अक्षराने.

लिनक्समध्ये एलटीओ (बॅकअपसाठी वापरल्या जाणाऱ्या चुंबकीय टेपचे एक प्रमाणित स्वरूप) सारख्या टेप ड्राइव्ह चालवतो तो ड्रायव्हर म्हणजे एसटी. तो डिस्कच्या ड्रायव्हरसारखा नाही. डिस्कला सांगता येते की अमुक क्रमांकाच्या जागी लिही. टेपवर मात्र हेड जिथे उभे आहे तिथेच लिहिले जाते, आणि हेड कुठे उभे आहे हे मागच्या आज्ञेवर ठरते. म्हणून इथे क्रमाला महत्त्व आहे. टप्पे उलटसुलट केले तर ड्रायव्हर अडवणार नाही, सांगितले तेच करेल आणि जुना डेटा जाईल.

वाचण्याआधी एक सूचना: आज्ञा, पर्याय आणि पाथ इथे उच्चारानुसार देवनागरीत दिले आहेत. टर्मिनलवर ते रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांनी टाइप करायचे. जिथे मोठे अक्षर लागते तिथे तसे सांगितले आहे.

## तयारी: टेप घालण्याआधी

कार्ड. एसएएस जोडणीची टेप ड्राइव्ह साध्या एचबीएला (आज्ञा जशाच्या तशा पुढे पाठवणाऱ्या कार्डाला) जोडा, रेड कंट्रोलरला (अनेक डिस्क एकत्र बांधणाऱ्या कार्डाला) नाही. अनेक रेड कार्डे टेपसाठीच्या आज्ञा पुढे पाठवतच नाहीत. काही पाठवतात, पण मोठे ब्लॉक (डेटाचे एकदम लिहिले जाणारे तुकडे) तोडतात किंवा ताण आला की बस रीसेट करतात. एसटी ड्रायव्हर थेट हार्डवेअरशी बोलत नाही. त्याच्या खाली कर्नलचा स्कझी थर (डिस्क आणि टेप यांना आज्ञा पोचवणारा भाग) असतो आणि त्याखाली कार्डाचा ड्रायव्हर, उदाहरणार्थ एसएएससाठी एमपीटी३एसएएस किंवा फायबर चॅनलसाठी क्यूएलए२एक्सएक्सएक्स. खालच्या थरात बिघाड झाला तरी तक्रार एसटीच्या नावाने दिसते. निदान करताना हे लक्षात ठेवा.

टेपची पिढी. एलटीओ-७ पर्यंतची ड्राइव्ह दोन पिढ्या मागचे वाचते आणि एक पिढी मागचे लिहिते. एलटीओ-८ पासून हा नियम बदलला: एलटीओ-८ ड्राइव्ह फक्त ७ आणि ८ हाताळते, एलटीओ-९ फक्त ८ आणि ९. जुन्या एलटीओ-६ टेपा वाचायच्या असतील तर एलटीओ-८ ड्राइव्ह घेऊन उपयोग नाही.

साधने. चार पॅकेजे लागतात: एमटी-एसटी (टेप हलवणारी ‘एमटी’ आज्ञा), एलएसएससीएसआय (जोडलेली उपकरणे दाखवणारे), एमबफर (डेटा साठवून सलग पाठवणारे) आणि एसजी३-यूटिल्स (ड्राइव्हच्या नोंदी वाचणारे). डेबियन कुळात एक घोळ हमखास होतो. तिथे सीपीआयओ पॅकेजसोबतही एमटी नावाची आज्ञा येते, पण तिला एसटी ड्रायव्हरचे बरेच पर्याय माहीत नसतात. ‘एमटी --व्हर्जन’ चालवून एमटी-एसटीचीच आज्ञा चालते आहे ना, ते पाहा.

वेगाचा हिशेब. एलटीओ-८ ची अर्ध्या उंचीची ड्राइव्ह सेकंदाला ३०० मेगाबाइटपर्यंत लिहिते. म्हणजे १२ टेराबाइटची टेप भरायला सुमारे ११ तास. डेटा हळू आला तर ड्राइव्ह आपला वेग कमी करते, पण त्यालाही तळ असतो, साधारण शंभरेक मेगाबाइटचा. त्याखाली गेल्यावर ती थांबते, टेप मागे घेते, पुन्हा धावते. यात वेळ जातोच, शिवाय टेप आणि हेड दोन्ही झिजतात. एक गिगाबिट नेटवर्कवरून सेकंदाला जास्तीत जास्त ११८ मेगाबाइटच्या आसपास डेटा येतो आणि प्रत्यक्षात त्याहूनही कमी. तेव्हा नेटवर्कवरचा डेटा आधी स्थानिक डिस्कवर उतरवा, मग टेपवर.

नव्या एलटीओ-९ टेपा. पहिल्यांदा ड्राइव्हमध्ये घातल्यावर या टेपांची जुळवणी होते. सरासरी ४० मिनिटे लागतात, कधी दोन तासही. ड्रायव्हर डिव्हाइस उघडताना ड्राइव्ह तयार होण्याची साधारण १२० सेकंद वाट पाहतो आणि मग त्रुटी परत देतो. ‘नवी टेप खराब निघाली’ म्हणून ड्राइव्ह बंद-चालू करणारे इथेच फसतात. नव्या टेपा दिवसा, सावकाश, एकेक घालून आधीच जुळवून ठेवा. रात्रीच्या स्क्रिप्टच्या भरवशावर सोडू नका.

> तपासणी: टेपा निदान २४ तास ड्राइव्हच्याच खोलीत ठेवल्या आहेत का? वातानुकूलित खोलीतली थंड टेप मुंबई-कोकणच्या पावसाळी हवेत बाहेर काढली की तिच्यावर बाष्प धरते. अशी टेप लगेच दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालू नका.

## टप्पा १: ड्रायव्हरला ड्राइव्ह दिसते का

`एलएसएससीएसआय -जी`

टेप ड्राइव्हच्या ओळीत ‘टेप’ असा प्रकार, कंपनी, मॉडेल आणि दोन डिव्हाइस नावे दिसली पाहिजेत: /डेव्ह/एसटी० आणि /डेव्ह/एसजी३ सारखे दुसरे. पहिले एसटी ड्रायव्हरचे. दुसरे सर्वसाधारण स्कझी मार्गाचे. ऑटोलोडर असेल तर ‘मीडियमएक्स’ प्रकाराची वेगळी ओळ येते. तो टेपा बदलणारा यांत्रिक हात, आणि त्याच्याशी एसटीचा काही संबंध नाही.

ओळ आहे पण एसटी०च्या जागी उणे चिन्ह आहे? ड्रायव्हर चढलेला नाही. ‘मॉडप्रोब एसटी’ चालवा. ओळच नाही? मग दोष खालच्या थरात आहे: केबल, कार्ड, झोनिंग. एसटीच्या सेटिंगमध्ये वेळ घालवू नका.

कर्नलचा लॉग ‘डीमेसेज’ (रोमन स्पेलिंग डी-एम-ई-एस-जी) आज्ञेने पाहा. एसटी०ला टेप ड्राइव्ह जोडली गेल्याची ओळ आणि ‘ट्राय डायरेक्ट आय/ओ: येस’ ही ओळ हवी. दुसऱ्या ओळीचा अर्थ असा की डेटा शक्यतो प्रोग्रामच्या मेमरीतून थेट ड्राइव्हकडे जाईल, मध्ये नक्कल होणार नाही.

## टप्पा २: योग्य डिव्हाइस नाव निवडा

एकाच ड्राइव्हसाठी ड्रायव्हर आठ नावे तयार करतो. एसटी०, एसटी०एल, एसटी०एम, एसटी०ए ही चार आणि त्याच चारांपुढे ‘एन’ लावून आणखी चार. एल, एम, ए हे वेगवेगळे मोड आहेत. प्रत्येक मोडला स्वतःचा डिफॉल्ट ब्लॉक आकार आणि कम्प्रेशन देता येते. बहुतेकांना त्यांची गरज पडत नाही.

गरज पडते ती ‘एन’ची. एसटी० बंद होताच टेप सुरुवातीला गुंडाळली जाते. एनएसटी० बंद झाल्यावर टेप आहे तिथेच राहते.

सुरुवातीची तक्रार इथे उलगडते. रोजचा बॅकअप एसटी०वर लिहिला तर लिहून झाल्यावर टेप आरंभी जाते आणि दुसऱ्या रात्रीचा बॅकअप पहिल्यावरच बसतो. याहून फसवी चूक म्हणजे ‘एमटी’ने एसटी०वर दोन फाइली पुढे जाण्याची आज्ञा देणे. टेप पुढे जाते, एमटी संपते, डिव्हाइस बंद होते, टेप पुन्हा आरंभी येते. पडद्यावर काहीच दिसत नाही. मग टार (फाइली एकत्र बांधून लिहिणारी आज्ञा) चालते आणि पहिल्या बॅकअपवर लिहिते. एसटी०वर नुसती स्थिती विचारली तरी बंद होताना टेप गुंडाळली जाते.

म्हणून स्क्रिप्टमध्ये एसटी० हे नाव कुठेच ठेवू नका. सुरुवातीलाच लिहा:

`एक्स्पोर्ट टेप=/डेव्ह/एनएसटी०`

इथे व्हेरिएबलचे ‘टेप’ हे नाव मोठ्या अक्षरांत. एमटी आणि टार दोन्ही ते मानतात.

एकाहून जास्त ड्राइव्ह असतील तर ० आणि १ हे क्रमांक बूटनंतर अदलाबदल होऊ शकतात. तेव्हा /डेव्ह/टेप/बाय-आयडी/ या फोल्डरमधले, अनुक्रमांकावर आधारलेले आणि ‘-एनएसटी’ने संपणारे नाव वापरा. ते ड्राइव्हसोबत राहते, क्रमांकासोबत नाही.

> इशारा: एसटी डिव्हाइस एका वेळी एकच प्रोग्राम उघडू शकतो. दुसऱ्याला ‘डिव्हाइस बिझी’ मिळते. ही सोय आहे, ती चुकवू नका. एसजी मार्गाने आज्ञा पाठवणारे साधन मात्र या अडवणुकीच्या बाहेर असते. बॅकअप चालू असताना एसजीवरून टेप हलवली किंवा ब्लॉक आकार बदलला तर एसटीला त्याचा पत्ता नसतो आणि त्याच्या नोंदीतली जागा खोटी ठरते.

## टप्पा ३: लिहिण्याआधी स्थिती वाचा

`एमटी -एफ /डेव्ह/एनएसटी० स्टेटस`

उत्तरात चार गोष्टी बघायच्या.

फाइल नंबर आणि ब्लॉक नंबर: टेप आरंभी असेल तर दोन्ही शून्य. उणे एक दिसले तर हेड कुठे आहे हे ड्रायव्हरला माहीत नाही. अशा वेळी लिहू नका.

टेप ब्लॉक साइज: शून्य म्हणजे बदलता ब्लॉक, दुसरी कोणतीही संख्या म्हणजे ठरावीक ब्लॉक. याबद्दल पुढच्या टप्प्यात.

घनता संकेत: ०एक्स५ए म्हणजे एलटीओ-६, ०एक्स५सी म्हणजे एलटीओ-७, ०एक्स५ई म्हणजे एलटीओ-८, ०एक्स६० म्हणजे एलटीओ-९. लेबलवर एक आणि आत दुसरीच टेप, असा प्रकार इथे पकडता येतो.

शेवटची ओळ, चिन्हांची: बीओटी म्हणजे टेप आरंभी, ईओडी म्हणजे लिहिलेल्या डेटाच्या शेवटी, डब्ल्यूआर_पीआरओटी म्हणजे लेखनबंदीची खूण लावलेली, डीआर_ओपन म्हणजे ड्राइव्हमध्ये टेपच नाही, ऑनलाइन म्हणजे तयार.

## टप्पा ४: ब्लॉक आकार ठरवा आणि लिहून ठेवा

रिस्टोअरच्या वेळी सगळ्यात जास्त घाम इथे फुटतो.

ठरावीक ब्लॉक मोडमध्ये ड्रायव्हर प्रत्येक लेखन ठरलेल्या आकाराच्या तुकड्यांत पाठवतो. प्रोग्रामने त्या आकाराच्या पटीत नसलेले लेखन केले तर ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ मिळते. बदलत्या ब्लॉक मोडमध्ये प्रोग्रामचे एक लेखन म्हणजे टेपवरचा एक ब्लॉक. वाचताना बफर त्या ब्लॉकएवढा किंवा मोठा हवा. लहान असेल तर ‘कॅनॉट अलोकेट मेमरी’ येते. हा संदेश वाचून मशीनची रॅम वाढवायला धावू नका. रॅम पुरेशी आहे, वाचणाऱ्याने दिलेला बफर ब्लॉकपेक्षा लहान आहे एवढेच.

आमचा सल्ला सरळ आहे: बदलता ब्लॉक ठेवा आणि प्रोग्रामलाच २५६ किलोबाइटचे तुकडे लिहायला लावा.

`एमटी -एफ /डेव्ह/एनएसटी० सेटब्लॉक ०`

या आज्ञेतल्या ‘सेटब्लॉक’चे रोमन स्पेलिंग शेवटी फक्त बी-एल-के असे आहे.

२५६च का? टारचा मूळ आकार १०,२४० बाइट आहे. बदलत्या मोडमध्ये प्रत्येक ब्लॉकमागे एक स्कझी आज्ञा जाते. सेकंदाला ३०० मेगाबाइट लिहायचे तर १०,२४० बाइटच्या हिशेबाने सुमारे २९,३०० आज्ञा लागतात, २५६ किलोबाइटच्या हिशेबाने सुमारे १,१४४. पहिल्या आकड्यावर मशीन दमते आणि ड्राइव्ह उपाशी राहते. उलट टोकही टाळा. ड्रायव्हर एका आज्ञेसाठी मेमरीचे डिफॉल्टने २५६ तुकडे जोडतो. चार किलोबाइटच्या पानांनी ते एक मेगाबाइट होते. त्यापुढचे ब्लॉक एका मशीनवर लिहिले जातील, पण दुसऱ्या कार्डाच्या मशीनवर वाचले जातीलच याची खात्री नाही. आणि रिस्टोअर बहुधा दुसऱ्याच मशीनवर करावे लागते.

हे सेटिंग रीबूटनंतर टिकत नाही. कायम करण्यासाठी /ईटीसी/ फोल्डरमध्ये ‘स्टिनिट.डेफ’ ही फाइल असते. त्यात कंपनी आणि मॉडेलची नावे एलएसएससीएसआयने दाखवली अगदी तशीच लिहून मोड १ साठी ब्लॉकसाइज=० आणि कम्प्रेशन=१ द्या. सोबत ‘एससीएसआय२लॉजिकल=१’ हवे, म्हणजे ‘टेल’ (हेडची जागा सांगणारी) आणि ‘सीक’ (दिलेल्या जागी नेणारी) या आज्ञा प्रमाणित ब्लॉक क्रमांक वापरतात. मग रूट म्हणून ‘स्टिनिट’ चालवा आणि बूटच्या वेळी तो आपोआप चालतो ना, हे एकदा मशीन रीबूट करूनच पाहा.

डेटा आधीच झिप केलेला असला तरी ड्राइव्हचे कम्प्रेशन चालू राहू द्या. एलटीओ ड्राइव्ह न आकसणारा डेटा ओळखून तसाच लिहिते.

> तपासणी: टेपच्या डबीवरच्या लेबलवर ब्लॉक आकार लिहिला का? संगणकातल्या नोंदवहीत लिहिणे पुरेसे नाही. ती नोंदवही त्याच टेपवर अडकलेली असू शकते.

## टप्पा ५: लिहिणे

नव्या किंवा पुन्हा वापरायच्या टेपवर आधी ‘रिवाइंड’. जुन्या टेपवर पुढे जोडायचे असेल तर:

`एमटी -एफ /डेव्ह/एनएसटी० ईओडी`

आणि पुन्हा स्टेटस. ईओडी चिन्ह दिसले आणि फाइल नंबर तुमच्या नोंदीशी जुळला तरच पुढे. टेपच्या मध्ये लिहिले तर फक्त तेवढाच भाग जात नाही. नव्या लेखनापुढचे सगळेच ड्राइव्हच्या दृष्टीने संपते, मग ते चुंबकीय थरावर शिल्लक असले तरी.

टेप पुन्हा वापरण्याआधी ‘इरेझ’ चालवू नका. ती आज्ञा सबंध टेप पुसायला कित्येक तास घेते आणि मध्येच थांबवता येत नाही. ड्रायव्हरची लांब कामांसाठीची मुदत १४,००० सेकंद, म्हणजे चार तासांना थोडी कमी. ती उलटली की कर्नल ड्राइव्ह रीसेट करायला धावतो आणि नसती भानगड उभी राहते. डेटा खरोखर नष्टच करायचा असेल तर आधी ‘एसटीलाँगटाइमआउट’ने मुदत वाढवा. साध्या आज्ञांची मुदत ९०० सेकंद असते, तिला हात लावायची गरज नसते.

आता प्रत्यक्ष लेखन, बॅशमध्ये:

`सेट -ओ पाइपफेल`

`टार -बी ५१२ -सी -एफ - /डेटा | टी >(शा२५६सम > /व्हार/टेप/फाइल०.शा) | एमबफर -एम ८जी -एस २५६के -पी ९० -ओ /डेव्ह/एनएसटी०`

टारमधला ‘-बी ५१२’ हा ५१२ बाइटांच्या पटीत मोजतो, म्हणून ५१२ गुणिले ५१२ म्हणजे २५६ किलोबाइट. यामुळे शेवटचा ब्लॉकही पूर्ण भरतो. एमबफरमधला ‘-पी’ मोठ्या अक्षरात, ‘८जी’मधला जीसुद्धा. तो पर्याय सांगतो की बफर ९० टक्के भरेपर्यंत टेप हलवू नकोस. आठ गिगाबाइटचा भरलेला बफर पूर्ण वेगाने रिकामा व्हायला अर्ध्या मिनिटाहून थोडा कमी वेळ लागतो. लहान फाइलींच्या ढिगाऱ्यात डिस्क अडखळते तेव्हा ही उसंत पुरते. मधली ‘टी’ (रोमन स्पेलिंग टी-ई-ई) डेटाची एक प्रत शा२५६सम आज्ञेकडे वळवते आणि ती डेटाची बेरीज (पडताळणीचा संकेत, चेकसम) काढून ठेवते. ही बेरीज टप्पा ६ मध्ये लागेल. /व्हार/टेप हे फोल्डर आधी तयार करा.

एमबफरऐवजी साधी ‘डीडी बीएस=२५६के’ लावणारे पुष्कळ. तिथे सापळा आहे. पाइपमधून डीडीला एका वाचनात पूर्ण २५६ किलोबाइट मिळतीलच असे नाही, आणि जेवढे मिळते तेवढाच ब्लॉक ती टेपवर लिहिते. टेपवर वेड्यावाकड्या आकाराचे ब्लॉक पडतात. डीडीच वापरायची तर ‘बीएस’ऐवजी ‘ओबीएस=२५६के’ द्या.

फाइलमार्क. टेपवर एक बॅकअप म्हणजे एक ‘फाइल’, आणि तिच्या शेवटची खूण म्हणजे फाइलमार्क. लिहून झाल्यावर डिव्हाइस बंद होते तेव्हा ड्रायव्हर स्वतःच एक फाइलमार्क टाकतो. त्यानंतर ‘डब्ल्यूईओएफ’ चालवून आणखी एक टाकण्याची गरज नाही. टाकलात तर टेपवर रिकामी फाइल तयार होते आणि पुढचे सगळे मोजणे एकाने चुकते. फाइलमार्कला वेळही लागतो, कारण ड्राइव्ह आपला आतला बफर टेपवर पूर्ण उतरवून थांबते. दोन हजार छोट्या फाइलींचे दोन हजार बॅकअप करण्याऐवजी त्यांचा एक टार करा.

बंद होण्याची स्थितीही तपासा. ड्रायव्हरमध्ये आणि ड्राइव्हमध्ये बफर असल्याने एखाद्या लेखनाची त्रुटी पुढच्या लेखनाला किंवा थेट बंद होताना कळते. म्हणूनच वरची ‘पाइपफेल’ ओळ हवी. ती नसेल तर पाइपमधल्या टारचे अपयश शेवटच्या आज्ञेच्या यशाखाली झाकले जाते.

टेप संपत आली तर. शेवटाच्या अलीकडेच ड्राइव्ह इशारा देते. ड्रायव्हर चालू लेखन पूर्ण करतो आणि पुढच्या लेखनाला ‘नो स्पेस’ देतो. त्यानंतरचे लेखन मात्र पुन्हा चालू देतो, म्हणजे प्रोग्रामला समाप्तीची नोंद लिहिता यावी. म्हणून ‘नो स्पेस’ आल्यावर आंधळेपणाने पुन्हा प्रयत्न करणारी स्क्रिप्ट धोक्याची. एकाआड एक लेखने यशस्वी होतात आणि मधले तुकडे हरवतात. अनेक टेपांवर पसरायचे असेल तर टारचा मोठ्या अक्षरातला ‘-एम’ पर्याय हे काम नीट करतो, पण टारच्या झिप पर्यायांसोबत तो चालत नाही.

लेखन संपले की जागा नोंदवा: ‘एमटी टेल’चा ब्लॉक क्रमांक, स्टेटसमधला फाइल नंबर, तारीख, टेपचा बारकोड.

## टप्पा ६: परत वाचून पडताळा

एलटीओ ड्राइव्ह लिहिता लिहिताच मागच्या हेडने वाचून बघते. पण ती तपासते ते आपल्याकडे आलेला डेटा टेपवर उतरला का, एवढेच. चुकीचा डेटा आला तर तो अचूक लिहून ठेवला जातो. म्हणून परत वाचायचेच:

`एमटी -एफ /डेव्ह/एनएसटी० एएसएफ ०`

`डीडी आयएफ=/डेव्ह/एनएसटी० बीएस=२५६के | शा२५६सम`

आलेली बेरीज लिहिताना साठवलेल्या बेरजेशी अक्षरशः जुळली पाहिजे. ‘एएसएफ’ आधी टेप गुंडाळते आणि मग सांगितलेल्या क्रमांकाच्या फाइलीच्या आरंभी नेते. मोजणी शून्यापासून. सापेक्ष उड्या मारणाऱ्या ‘एफएसएफ’ आणि ‘बीएसएफ’पेक्षा ही सावकाश, पण चुकायला जागा नाही. ‘बीएसएफ १’ने मागच्या फाइलीच्या आरंभी जाता येते असे समजणारे पुष्कळ आहेत. प्रत्यक्षात हेड फाइलमार्कच्या अलीकडे, म्हणजे आधीच्या फाइलीच्या शेपटीशी थांबते आणि पुढचे वाचन शून्य बाइट देते.

## टप्पा ७: रिस्टोअर

`एमटी -एफ /डेव्ह/एनएसटी० एएसएफ ३`

`टार -बी ५१२ -एक्स -एफ /डेव्ह/एनएसटी० -सी /रिस्टोअर`

शेवटचा ‘-सी’ मोठ्या अक्षरात.

लागोपाठ दोन फाइली काढताना एक गाठ बसते. टारला आपली समाप्तीची खूण सापडली की ती वाचन थांबवते, पण त्यापुढचा फाइलमार्क ओलांडतेच असे नाही. ड्रायव्हर डिफॉल्टने बीएसडी रीतीने वागतो, म्हणजे डिव्हाइस बंद करताना टेप आहे तिथेच ठेवतो. पुढच्या टारला मग फाइलमार्कच लागतो आणि ‘रिकामे’ असे उत्तर मिळते. डीडी मात्र फाइलमार्क लागेपर्यंत वाचत जाते, त्यामुळे ती पुढच्या फाइलीच्या आरंभी पोचते. हे लक्षात ठेवत बसण्यापेक्षा प्रत्येक फाइलीआधी ‘एएसएफ’ द्या.

ब्लॉक आकार माहीत नसलेली टेप. बदलत्या मोडमध्ये जा, टेप गुंडाळा आणि एक मोठे वाचन करा:

`डीडी आयएफ=/डेव्ह/एनएसटी० ओएफ=/टीएमपी/नमुना बीएस=१एम काउंट=१`

(‘१एम’मधला एम मोठ्या अक्षरात.) जेवढे बाइट आले तेवढा ब्लॉक. लहान बफरने वाचून आधीच चूक केली असेल तर कर्नलच्या लॉगमध्येच उत्तर असते: अमुक बाइटचा ब्लॉक अमुक बाइटच्या वाचनात बसला नाही, असे ड्रायव्हर दोन्ही आकड्यांसह लिहितो. आकडा कळला की टेप गुंडाळून पुन्हा सुरुवात करा.

दुसऱ्याने दिलेली टेप एलटीएफएसची (टेपवरची फाइल सिस्टम) असू शकते. त्यात दोन विभाग असतात, टारने ती वाचता येत नाही, आणि एसटीवरून तिच्यावर लिहिले तर तिची अनुक्रमणिका जाते. अनोळखी टेपला लेखनबंदीची खूण लावूनच ती आत घाला.

## टप्पा ८: टेप बाहेर काढणे

`एमटी -एफ /डेव्ह/एनएसटी० ऑफलाइन`

ऑटोलोडर असेल तर ही आज्ञा आधी, ‘एमटीएक्स अनलोड’ (लोडरच्या हाताला टेप उचलायला सांगणारी आज्ञा) नंतर. अनेक लोडरांचा हात ड्राइव्हने टेप सोडल्याशिवाय ती उचलू शकत नाही आणि त्रुटी देतो. बटण दाबून टेप निघत नसेल तर दार कुलूपबंद केलेले असू शकते. डिव्हाइस उघडून बसलेला प्रोग्राम ‘फ्यूजर’ने शोधा, वीज तोडू नका. बाहेर आल्याबरोबर लेखनबंदीची खूण सरकवा.

## त्रुटी आल्या तर काय समजावे

‘नो मीडियम फाउंड’ म्हणजे टेप नाही, ‘रीड-ओन्ली’ म्हणजे लेखनबंदीची खूण. या दोन्ही सोप्या. लक्ष द्यायचे ते ‘इनपुट/आउटपुट एरर’कडे, कारण त्याची तीन वेगळी कारणे आहेत.

पहिले, ब्लॉक आकार जुळत नाही. ड्राइव्ह ठरावीक मोडमध्ये आहे आणि टेपवर दुसराच आकार. लॉगमध्ये ‘इनकरेक्ट ब्लॉक साइज’ असते. ‘सेटब्लॉक ०’ करून पुन्हा वाचा.

दुसरे, खरोखरची माध्यमाची त्रुटी. लॉगमध्ये ‘मीडियम एरर’ असा संकेत येतो. टेपअलर्टच्या (ड्राइव्हने स्वतः नोंदवलेल्या इशाऱ्यांच्या) नोंदी ‘एसजी_लॉग्स’ने ०एक्स२ई पानावर पाहा. वाचल्यावर त्या खुणा पुसल्या जातात, म्हणून पहिल्याच वाचनाचे उत्तर फाइलीत ठेवा. सफाईची खूण असेल तर क्लीनिंग टेप वापरा. ड्राइव्हने मागितल्याशिवाय मात्र वापरू नका, ती हेडला घासते. तीच टेप दुसऱ्या ड्राइव्हमध्ये वाचली गेली तर दोष ड्राइव्हचा.

तिसरे आणि सगळ्यात धोक्याचे: मध्येच ड्राइव्ह किंवा बस रीसेट झाली. रीसेटनंतर टेप आरंभी असू शकते, पण प्रोग्रामला वाटते की आपण मध्ये आहोत. म्हणून ड्रायव्हर वाचन आणि लेखन दोन्ही नाकारतो. रिवाइंड, ईओडी किंवा सीक यांसारखी जागा नक्की करणारी आज्ञा मिळेपर्यंत तो अडूनच राहतो. हे अडणे तुमचा डेटा वाचवण्यासाठी आहे. ‘त्रुटी आली की रिवाइंड कर आणि पुन्हा लिही’ असे स्क्रिप्टमध्ये कधीही घालू नका. ड्रायव्हरने राखलेली टेप ती ओळ स्वतःच्या हाताने आरंभापासून पुसते. स्क्रिप्ट थांबू द्या, माणसाने स्टेटस पाहावे, नोंदीतल्या शेवटच्या शाबूत फाइलीपर्यंत ‘एएसएफ’ने जावे, ती वाचून बेरीज जुळवावी आणि त्यानंतरच पुढे लिहावे.

वेग पडला आहे पण त्रुटी नाही, अशा वेळी /सिस/क्लास/स्कझी_टेप/एसटी०/स्टॅट्स/ या फोल्डरमधले आकडे दहा-दहा सेकंदांनी वाचा. पाथमधल्या ‘स्कझी’चे स्पेलिंग एस-सी-एस-आय. लिहिलेल्या बाइटांना लेखनांच्या संख्येने भागले की प्रत्यक्ष ब्लॉक आकार निघतो. उत्तर २,६२,१४४ आले पाहिजे. १०,२४० आले तर कुठेतरी ‘-बी ५१२’ राहून गेले आहे.